थुरिंगियातील सॅक्सन संस्थाने : राजवंशीय वाटण्या आणि त्यांचे परिणाम (१४८५–१९२०)

प्रस्तावना

जर्मनीच्या इतिहासाचे अध्यापन बहुधा प्रशियाचा उदय, बिस्मार्कचे राजकारण आणि १८७१ चे एकीकरण या मार्गाने होते. या मांडणीत एकीकरणापूर्वीची लहान जर्मन संस्थाने ही केवळ दूर करावयाची अडचण म्हणून येतात. एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रवादी लेखकांनी या स्थितीला ‘क्लाइनश्टाटराय’ म्हणजे ‘छोट्या राज्यांचा पसारा’ असे हिणवणारे नाव दिले आणि ते पुढे रूढ झाले. तथापि ही संस्थाने इतकी लहान का झाली, ती इतका दीर्घकाळ कशी टिकली आणि त्यांच्या लहानपणातून काय निष्पन्न झाले, हे प्रश्न स्वतंत्र विचाराची अपेक्षा करतात. प्रस्तुत लेखात वेटिन घराण्याच्या एर्नेस्टाइन शाखेने मध्य जर्मनीतील थुरिंगिया प्रदेशात चालविलेल्या संस्थानांच्या आधारे या प्रश्नांचे विवेचन केले आहे. वायमार, गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन आणि आल्टेनबुर्ग ही या संस्थानांची प्रमुख केंद्रे होत.

एका घराण्याच्या दोन पात्या

वेटिन घराण्याकडे १०८९ मध्ये माइसेन या सीमाप्रांताचे अधिपत्य आले. तेराव्या शतकात थुरिंगियाही त्यांच्या ताब्यात आला. १४२३ मध्ये सम्राट झिगिसमुंड याने या घराण्यास सॅक्सनीचे निर्वाचकपद दिले. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा अधिकार त्या काळी केवळ सात निर्वाचकांना होता; त्यामुळे या पदाने वेटिन घराणे साम्राज्यातील अग्रगण्य घराण्यांत गणले जाऊ लागले.

१४८५ मध्ये लाइपझिग येथे एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट या बंधूंनी वडिलोपार्जित प्रदेशाची वाटणी केली. थोरल्याने वाटे पाडावेत आणि धाकट्याने त्यांतून निवड करावी, ही जुनी रीत या वेळी पाळण्यात आली. १३५६ च्या ‘सुवर्ण फर्माना’नुसार निर्वाचकपद आणि त्यास जोडलेला प्रदेश अविभाज्य असल्याने ते पद व विटेनबर्गचा मुलूख थोरल्या एर्न्स्टकडे राहिला. त्याखेरीज थुरिंगियाचा बहुतांश भागही त्याच्या वाट्यास आला. धाकट्या आल्ब्रेख्टने माइसेन, ड्रेस्डेन आणि लाइपझिग हा भाग घेतला. येथून थोरली एर्नेस्टाइन आणि धाकटी आल्बर्टाइन अशा दोन पात्या झाल्या, आणि त्या पुन्हा कधीही एक झाल्या नाहीत.

आरंभी थोरल्या पातीचे पारडे जड होते. निर्वाचक फ्रीडरिश ‘द वाइज’ याने १५०२ मध्ये विटेनबर्ग विद्यापीठ स्थापन केले. त्याच विद्यापीठातील प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याने धर्मसुधारणेची चळवळ उभी केली आणि १५२१ मध्ये त्याच्यावर साम्राज्याचा बहिष्कार पडला, तेव्हा फ्रीडरिशने त्याला आयझेनाखनजीकच्या वार्टबुर्ग किल्ल्यात आश्रय दिला. मात्र प्रॉटेस्टंट पक्षाचे हेच नेतृत्व पुढे महागात पडले. २४ एप्रिल १५४७ रोजी म्यूलबर्गच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सने निर्वाचक योहान फ्रीडरिश याचा पराभव करून त्यास कैद केले. सम्राटाच्या बाजूने लढलेल्या आल्बर्टाइन पातीच्या मॉरिट्सला निर्वाचकपद व विटेनबर्ग मिळाले. थोरली पाती केवळ ड्यूक या पदवीनिशी थुरिंगियात उरली. हातचे विद्यापीठ गेल्यामुळे १५४८ मध्ये येना येथे नवी विद्याशाळा उघडण्यात आली आणि १५५८ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. पराभूत घराण्याने आपली प्रतिष्ठा सैन्यबळाऐवजी धर्म आणि विद्या यांवर उभारण्याचा हा आरंभ होता.

वाटणीमागील तत्त्व

१५४७ नंतर राज्य लहान झाले असताना ते आणखी का विभागले गेले, हे समजण्यासाठी तत्कालीन राज्यकल्पना ध्यानात घ्यावी लागते. आधुनिक अर्थाने राज्य ही स्वतंत्र संस्था असते. सोळाव्या-सतराव्या शतकातील जर्मन राजघराण्यांच्या दृष्टीने मात्र राज्य ही कुळाची मालमत्ता होती, आणि तीत सर्व औरस पुत्रांचा हक्क होता. मुलींना या हक्कातून वगळलेले होते. कॅथलिक घराण्यांतील धाकट्या पुत्रांस बिशपपदांसारख्या धर्मपदांची सोय उपलब्ध होती. प्रॉटेस्टंट घराण्यांत ही वाट जवळजवळ बंद झाल्याने प्रत्येक पुत्राच्या निर्वाहाचा भार मुलखावरच पडे. शिवाय साम्राज्याचे कायदे लहानांनाही संरक्षण देत असल्याने लहान राज्य म्हणजे लगेच गिळंकृत होणारे राज्य, असे समीकरण नव्हते. एखादी शाखा निर्वंश झाली की तिचा मुलूख इतर शाखांकडे परत जाई. त्यामुळे वाटणी आणि एकत्रीकरण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे बनली.

यास पर्याय होता तो ज्येष्ठाधिकाराचा, म्हणजे थोरल्या पुत्राने संपूर्ण राज्य घेण्याचा. आल्बर्टाइन पातीने तो लवकर स्वीकारला आणि तिचे राज्य मोठे राहिले. एर्नेस्टाइन घराण्यात मात्र सर्व पुत्रांच्या समान हक्काची कल्पना दीर्घकाळ प्रभावी राहिली. १५७२ मध्ये वायमार आणि कोबुर्ग-आयझेनाख अशी वाटणी झाली. १६४० मध्ये वायमार आणि गोथा या शाखा वेगळ्या झाल्या.

गोथा : धर्मनिष्ठ एर्न्स्टचा कारभार

गोथा संस्थानाचा संस्थापक एर्न्स्ट पहिला (कारकीर्द १६४०–१६७५) इतिहासात ‘धर्मनिष्ठ’ या विशेषणाने ओळखला जातो. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८–१६४८) थुरिंगियातील गावे उद्ध्वस्त केली होती. युद्ध चालू असतानाच, १६४३ मध्ये, त्याने गोथा येथे राजवाड्याचे बांधकाम सुरू केले आणि त्यास ‘फ्रीडेनस्टाइन’ म्हणजे ‘शांतिशिला’ असे नाव दिले. त्याआधी १६४२ मध्ये त्याच्या आज्ञेवरून एक शालेय नियमावली प्रसिद्ध झाली. मुलगे व मुली या दोहोंना पाचव्या वर्षापासून शाळेत पाठविणे तीत बंधनकारक करण्यात आले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या युरोपीय इतिहासात या नियमावलीस महत्त्वाचे स्थान आहे.

एर्न्स्टच्या सेवेतील फाइट लुडविग फॉन झेकेनडोर्फ याने १६५६ मध्ये जर्मन संस्थानिकाच्या राज्यकारभारावर एक ग्रंथ लिहिला. मुलखाची मोजदाद, महसूल, न्याय, धर्मसंस्था व शाळा यांची व्यवस्था हे राज्यकर्त्याचे कर्तव्य होय, अशी त्याची मांडणी होती. हा ग्रंथ पुढे शतकभर जर्मन अधिकाऱ्यांच्या शिक्षणात वापरला गेला. आपल्या गावांची अवस्था राज्यकर्त्यास प्रत्यक्ष पाहता येईल इतके राज्य लहान असल्यानेच ही प्रशासनदृष्टी तेथे आकारास आली, असे म्हणता येते. मात्र त्याच लहानपणामुळे प्रजेच्या चर्चमधील हजेरीपासून घरगुती वर्तनापर्यंत सर्वत्र शासनाची नजर पोहोचत होती, हेही विसरून चालणार नाही.

सात भावांची सात राज्ये

१६७५ मध्ये एर्न्स्ट निवर्तला तेव्हा त्याच्या मागे सात पुत्र होते. सर्वांनी मिळून कारभार करावा ही पित्याची इच्छा फार काळ टिकली नाही. १६८०-८१ च्या करारांनी गोथा-आल्टेनबुर्ग, कोबुर्ग, माइनिंगेन, रोमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझेन आणि झालफेल्ड अशी सात संस्थाने अस्तित्वात आली. त्यांपैकी काहींवर आरंभी थोरल्या गोथा शाखेची देखरेख होती. पूर्ण सार्वभौमत्व सर्वांस सारखे नव्हते. तरीही प्रत्येकाने आपापला राजवाडा, दरबार आणि कचेऱ्या उभारल्या.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाले. कोबुर्गची शाखा १६९९ मध्ये, आयझेनबर्गची १७०७ मध्ये आणि रोमहिल्डची १७१० मध्ये निर्वंश झाली. त्यांच्या वारशावरून उरलेल्या भावांत व पुतण्यांत दीर्घकाळ भाऊबंदकी चालली. कोबुर्गचा वाद तर १७३५ मध्ये मिटला आणि सॅक्स-कोबुर्ग-झालफेल्ड हे जोडसंस्थान निर्माण झाले. हिल्डबुर्गहाउझेनच्या दरबाराचा खर्च उत्पन्नाला इतका न झेपणारा ठरला, की १७६९ मध्ये त्याच्या कर्जाचा बंदोबस्त करण्यासाठी सम्राटाने आयोग नेमला. हा सर्व भार अखेर शेतकरी आणि कारागीर यांच्यावरच पडत होता. गोथाने १६८५ मध्येच ज्येष्ठाधिकार लागू केला. इतर शाखांनीही कालांतराने तोच मार्ग धरला आणि नव्या वाटण्या थांबल्या.

वायमार : लहान दरबार आणि मोठे वाङ्मय

वायमार शाखेकडे १७४१ मध्ये आयझेनाखही आले. या दरबाराची कीर्ती प्रामुख्याने अॅना अमालिया हिच्यापासून सुरू होते. १७५८ मध्ये पती निवर्तला तेव्हा ती अवघ्या अठरा वर्षांची होती. १७५९ पासून १७७५ पर्यंत तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य चालविले. १७६६ मध्ये दरबाराचा ग्रंथसंग्रह स्वतंत्र इमारतीत हलविण्यात आला आणि १७७२ मध्ये कवी वीलान्ट याची राजपुत्राचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली. तरुण ड्यूक कार्ल आउगुस्ट याच्या निमंत्रणावरून गटे नोव्हेंबर १७७५ मध्ये वायमारला आला. १७७६ मध्ये हेर्डर आला आणि १७९९ मध्ये शिलर तेथे स्थायिक झाला. त्या वेळी वायमार हे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव होते.

गटेला येथे केवळ राजकवीचे स्थान नव्हते. १७७६ पासून तो मंत्रिमंडळाचा सदस्य होता आणि रस्ते, खाणी, सैन्य, वित्त अशी खाती त्याने सांभाळली. त्याने सैन्यसंख्या घटविली; १७८४ मध्ये इल्मेनाऊची खाण पुन्हा सुरू केली, परंतु १७९६ मधील दुर्घटनेनंतर तो उपक्रम सावरला नाही. लहान राज्यात कवीला मंत्री होता येत होते. पण मंत्र्याची जबाबदारीही टाळता येत नव्हती. १७८३ मध्ये योहाना ह्योन या मोलकरणीला अर्भकहत्येच्या गुन्ह्यासाठी देहान्त शासन द्यावे की नाही, हा प्रश्न मंत्रिमंडळापुढे आला. ‘फाउस्ट’मधील ग्रेटखेनची करुण कथा लिहू पाहणाऱ्या गटेने अशा गुन्ह्यासाठी देहान्त शासन कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिले आणि त्याच वर्षी तिचा शिरच्छेद झाला. वायमारच्या सुवर्णकाळाचे मूल्यमापन करताना ही नोंद बाजूस सारणे योग्य ठरणार नाही.

येना विद्यापीठाची स्थितीही लक्षणीय होती. एर्नेस्टाइन संस्थाने ते संयुक्तपणे चालवीत. त्यामुळे कोणा एका राज्यकर्त्याची सत्ता त्यावर पूर्णपणे चालत नसे आणि अध्यापकांना इतरत्र दुर्मीळ असलेली मोकळीक मिळे. शिलर, फिश्टे, शेलिंग आणि हेगेल यांनी येथे अध्यापन केले. या मोकळिकीलाही सीमा होती: नास्तिकतेच्या आरोपावरून १७९९ मध्ये फिश्टेला अध्यापकपद सोडावे लागले.

याच परिसरात भारतीय वाङ्मयाचाही प्रवेश झाला. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून गेऑर्ग फोर्स्टरने केलेला जर्मन अनुवाद १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला. हेर्डर आणि गटे या दोघांनीही त्याचे उत्कटतेने स्वागत केले. ‘फाउस्ट’च्या आरंभीचा रंगभूमीवरील प्रवेश संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेवरून सुचला, असे अभ्यासक मानतात.

१८२६ ची फेरवाटणी

१८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य संपुष्टात आले. शेकडो लहान सत्ता या काळात नष्ट झाल्या. एर्नेस्टाइन संस्थाने मात्र डिसेंबर १८०६ मध्ये नेपोलियनच्या ऱ्हाइन संघात सामील होऊन बचावली. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने वायमारला ‘ग्रँड डची’चा दर्जा व अधिक मुलूख दिला. ५ मे १८१६ रोजी कार्ल आउगुस्टने आपल्या राज्यास संविधान दिले. जर्मनीतील आरंभीच्या संविधानांपैकी ते एक असून त्यात मुद्रणस्वातंत्र्यास मान्यता होती. १८१७ मध्ये विद्यार्थ्यांनी याच राज्यातील वार्टबुर्गवर राष्ट्रीय एकतेचा मेळावा भरविला.

१८२५ मध्ये गोथा-आल्टेनबुर्गची शाखा निर्वंश झाली. या शाखेची शेवटची राजकन्या लुइझे हिचा विवाह कोबुर्गच्या ड्यूक एर्न्स्टशी झाला होता. परंतु स्त्रियांना वारसा नसल्याने तिला राज्यावर हक्क सांगता आला नाही. तिचा घटस्फोट झाला आणि तिचे दोन्ही पुत्र कोबुर्गच्या दरबारातच राहिले. अखेर आल्बर्टाइन पातीचा प्रमुख, म्हणजे सॅक्सनीचा राजा, याच्या मध्यस्थीने १२ नोव्हेंबर १८२६ रोजी फेरवाटणी झाली. कोबुर्गने झालफेल्ड सोडून गोथा घेतले. हिल्डबुर्गहाउझेनच्या ड्यूकने आपले संस्थान देऊन आल्टेनबुर्ग स्वीकारले; हिल्डबुर्गहाउझेन आणि झालफेल्ड माइनिंगेनला मिळाले. एखाद्या गावची प्रजा एका राजाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी तिची संमती घेण्याची आवश्यकता कोणास भासली नाही. यानंतर १९१८ पर्यंत सॅक्स-वायमार-आयझेनाख, सॅक्स-माइनिंगेन, सॅक्स-कोबुर्ग-गोथा व सॅक्स-आल्टेनबुर्ग ही चार संस्थाने कायम राहिली. १९१० च्या सुमारास या चारींचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ९,४०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या बारा लाखांच्या आत होती.

कोबुर्ग : विवाहसंबंधांचे राजकारण

लहान संस्थानांकडे सैन्य वा संपत्ती नव्हती. परंतु उच्च कुलाचा दर्जा होता. त्यांच्याशी सोयरीक केल्याने युरोपातील सत्तासंतुलन बिघडत नसे. शिवाय प्रॉटेस्टंट वर वा वधू हवी असणाऱ्या राजघराण्यांना निवड करण्यास ही घराणी सोयीची होती. या स्थितीचा सर्वाधिक लाभ कोबुर्गने घेतला. तेथील राजकन्या युलियाना हिचा विवाह १७९६ मध्ये रशियन ग्रँड ड्यूकशी झाला. तिचा भाऊ लिओपोल्ड १८३१ मध्ये बेल्जियमचा पहिला राजा झाला. बहीण व्हिक्टोरिया ही ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाची माता; तर ज्या लुइझेला वारसा नाकारला गेला, तिचाच धाकटा पुत्र आल्बर्ट १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती झाला. याच कुळातील फर्डिनांड १८३६ मध्ये पोर्तुगालच्या राणीचा पती झाला आणि दुसरा फर्डिनांड १८८७ मध्ये बल्गेरियाचा अधिपती निवडला गेला.

इतर शाखाही यात मागे नव्हत्या. हिल्डबुर्गहाउझेनची तेरेझे आणि बव्हेरियाचा युवराज यांच्या १८१० मधील विवाहोत्सवातूनच म्यूनिकचा प्रसिद्ध ‘ऑक्टोबर उत्सव’ सुरू झाला. माइनिंगेनची अॅडलेड ब्रिटनची राणी झाली आणि ऑस्ट्रेलियातील एका नगरास तिचे नाव मिळाले. वारसाहक्कातून वगळलेल्या कन्यांमुळेच या घराण्यांचे नाव सर्वदूर पोहोचले, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. राजघराण्यांच्या वंशावळी देणारे वार्षिक १७६३ पासून गोथा येथूनच प्रसिद्ध होत होते, हेही या संदर्भात सूचक ठरते.

माइनिंगेन : रंगभूमीचा ड्यूक

१८६६ च्या युद्धात माइनिंगेनचा ड्यूक ऑस्ट्रियाच्या बाजूने राहिला आणि प्रशियाच्या विजयानंतर त्यास पदत्याग करावा लागला. त्याचा पुत्र गेऑर्ग दुसरा (कारकीर्द १८६६–१९१४) याच्यासाठी स्वतंत्र परराष्ट्र धोरणास वाव उरला नव्हता. त्याने आपले लक्ष दरबारी नाट्यगृहाकडे वळविले. इतिहासाशी सुसंगत वेशभूषा व नेपथ्य, जमावाच्या प्रसंगांची काटेकोर आखणी, दीर्घ तालमी आणि एकट्या नटापेक्षा संचास प्राधान्य ही त्याच्या नाट्यसंस्थेची वैशिष्ट्ये होती. १८७४ मध्ये बर्लिनपासून सुरू झालेले तिचे दौरे १८९० पर्यंत चालले. मॉस्कोतील प्रयोगांचा प्रभाव तरुण स्तानिस्लावस्कीवर पडला. आधुनिक दिग्दर्शकाची कल्पना रूढ होण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. १८७३ मध्ये ड्यूकने एलेन फ्रान्त्स या अभिनेत्रीशी विवाह केला. तिला डचेसचा दर्जा मात्र मिळू शकला नाही. येथील वाद्यवृंदाने २५ ऑक्टोबर १८८५ रोजी ब्राम्सची चौथी सिंफनी प्रथम सादर केली.

संस्थानांची अखेर

आर्थिकदृष्ट्या या व्यवस्थेच्या मर्यादा फार आधी उघड झाल्या होत्या. पावलोपावली जकातनाके असल्याने व्यापार खुंटला होता. १८३४ मध्ये थुरिंगियातील राज्ये जर्मन जकातसंघात सामील झाल्यावरच ही अडचण दूर झाली. १८७१ च्या साम्राज्यात या चारही संस्थानांना संघपरिषदेत प्रत्येकी एक मत होते, तर एकट्या प्रशियाला सतरा. दुसरीकडे, प्रशियातील दडपणाच्या तुलनेने येथे काही मोकळीक होती. सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्ष १८६९ मध्ये आयझेनाख येथे स्थापन झाला आणि १८७५ मध्ये गोथा येथे कामगार चळवळीचे दोन प्रवाह एकत्र आले.

नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीत चारही राजवटी संपल्या. १ मे १९२० रोजी थुरिंगियातील सात राज्ये मिळून एक राज्य झाले आणि वायमार त्याची राजधानी ठरली. यात कोबुर्ग नव्हते. ३० नोव्हेंबर १९१९ च्या जनमतात तेथील सुमारे ८८ टक्के मतदारांनी थुरिंगियात जाण्यास नकार दिला होता आणि १ जुलै १९२० रोजी कोबुर्ग बव्हेरियात विलीन झाले. १८२६ मध्ये न विचारली गेलेली प्रजा या वेळी विचारली गेली, आणि त्या निर्णयाचे मोल पुढे पंचवीस वर्षांनी कळले. १९४५ नंतर थुरिंगिया सोव्हिएत विभागात गेला. कोबुर्ग अमेरिकन विभागात राहिले आणि १९८९ पर्यंत तीन बाजूंनी बंद सीमेने वेढलेले होते.

राजवंशांचा वारसा निष्कलंक राहिला असेही नाही. कोबुर्गचा अखेरचा ड्यूक कार्ल एडुआर्ड हा राणी व्हिक्टोरियाचा नातू. तो नाझी राजवटीचा समर्थक बनला आणि १९३३ पासून १९४५ पर्यंत जर्मन रेड क्रॉसचा अध्यक्ष होता. गटे जेथे फिरावयास जाई त्या एटर्सबर्ग टेकडीवर १९३७ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणी उभारण्यात आली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, थुरिंगियातील संस्थानांचे लहानपण हे केवळ अदूरदृष्टीचे फळ नव्हते. राज्यास कुळाची मालमत्ता मानणारा वारसाहक्क आणि लहानांना अभय देणारी साम्राज्याची चौकट यांचा तो संयुक्त परिणाम होता. दुसरी, लष्करी सत्तेची वाट बंद झाल्यावर या घराण्यांनी शिक्षण, ग्रंथालय, रंगभूमी आणि सोयरीक यांतून प्रतिष्ठा मिळविली. अनेक दरबारांच्या स्पर्धेमुळे विद्वान व कलावंतांना एकापेक्षा अधिक आश्रयदाते उपलब्ध झाले. तिसरी, या वैभवाची किंमत करांच्या आणि जकातींच्या रूपाने सामान्य प्रजेने मोजली, आणि संस्कृतीच्या सान्निध्याने शासन आपोआप उदार होत नाही, हे योहाना ह्योनच्या खटल्यापासून बुखेनवाल्डपर्यंत दिसून येते.

२ सप्टेंबर २००४ रोजी वायमारच्या अॅना अमालिया ग्रंथालयास आग लागली. सुमारे पन्नास हजार ग्रंथ जळाले आणि त्याहून अधिक ग्रंथांची हानी झाली. त्या रात्री कर्मचारी व नागरिकांनी मानवी साखळी करून हजारो ग्रंथ हातोहात बाहेर काढले. ऑक्टोबर २००७ मध्ये ग्रंथालय पुन्हा खुले झाले. ज्या संग्रहाची उभारणी एका लहान दरबाराने आपल्या प्रतिष्ठेसाठी केली, तो आता नागरिकांना आपला वाटतो. राजवंशांच्या वाटण्यांतून उरलेला हाच वारसा सर्वांत टिकाऊ ठरला आहे.